निवड, सवय आणि सहृदयता : अमेरिकी चित्रपटाच्या वर्चस्वाचा नैतिक विचार

अमेरिकी चित्रपटाच्या जागतिक वर्चस्वाचा प्रश्न निघाला, की एक उत्तर हमखास पुढे येते. हे वर्चस्व कोणी लादलेले नाही. प्रेक्षकांनी ते तिकीट काढून मान्य केलेले आहे. चित्रपटगृहाच्या दाराशी कोणी कोणाचा हात धरून आत ओढत नाही. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण संमती असेल तेथे अन्याय संभवत नाही या उदारमतवादी सूत्राचेच ते उपयोजन आहे. त्याला दिले जाणारे नेहमीचे प्रत्युत्तर राष्ट्रीय संस्कृतीवरील आक्रमणाचे असते. ते भावनेला हात घालणारे असले, तरी तत्त्वतः दुबळे आहे. दोन्ही पक्ष प्रेक्षकाची अभिरुची ही एक सिद्ध वस्तू मानतात; एक तिचा आदर करा म्हणतो, दुसरा ती बिघडली आहे म्हणतो. अभिरुची घडते कशी, आणि तिच्या घडणीत प्रेक्षकाचे स्वतःचे कर्तृत्व कितपत असते, हा प्रश्न मात्र दोघेही बाजूला ठेवतात.

आधी या संमतीचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या पडद्यावर पॅरिसच्या पाते कंपनीचा अंमल होता. खुद्द अमेरिकेतील छोट्या चित्रपटगृहांत फ्रेंच चित्रपटांचा भरणा असे आणि परकीय चित्रांविरुद्ध तक्रार करणारे तेव्हा अमेरिकी होते. १९१४ नंतर युरोपातील निर्मिती विस्कळीत झाली आणि मोकळी झालेली जागा अमेरिकी कंपन्यांनी व्यापली. एवढ्यापर्यंत ही कथा योगायोगाची म्हणता येईल. तथापि १९१८ साली अमेरिकेने वेब-पॉमरीन कायदा करून निर्यातीसाठी एकत्र येणाऱ्या कंपन्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. याच कायद्याचा आधार घेऊन १९४५ साली मोठ्या चित्रपटकंपन्यांची निर्यातसंघटना उभी राहिली. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात याच कंपन्यांच्या देशांतर्गत व्यवहारांवर घाव घातला : एका चित्रपटाबरोबर अनेक चित्रपट गळ्यात मारण्याची पद्धत बेकायदा ठरली आणि कंपन्यांना आपली चित्रपटगृहे निर्मिती-वितरणापासून अलग करावी लागली. म्हणजे घरच्या प्रेक्षकाच्या निवडीचे संरक्षण करणारा न्याय आणि बाहेरच्या प्रेक्षकापुढे एकजुटीने उभे राहण्याची मुभा या दोन गोष्टी एकाच देशात, एकाच काळात, सुखाने नांदत होत्या.

युद्धाने खचलेल्या फ्रान्सची गोष्ट याहून बोलकी आहे. मे १९४६ मधील ब्लम-बर्न्झ कराराने फ्रान्सचे युद्धकालीन कर्ज माफ झाले, नवे कर्ज मिळाले. त्याच कराराच्या जोडीने चित्रपटांविषयी जी व्यवस्था ठरली तिच्यानुसार तेरा आठवड्यांच्या प्रत्येक तिमाहीतील चार आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखीव राहिले. उरलेले नऊ आठवडे खुल्या स्पर्धेचे. युद्धाच्या वर्षांत साठून राहिलेले, खर्च केव्हाच वसूल झालेले अमेरिकी चित्रपट एकदम तेथे उतरले. या व्यवस्थेविरुद्ध जानेवारी १९४८ मध्ये चित्रपट-व्यावसायिक पॅरिसच्या रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी चाराचे पाच आठवडे करून घेण्यात आले. गहू आणि कोळसा यांच्या तराजूत चित्रपटही बसवला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे 'प्रेक्षकांनी निवडले' या वाक्यातील कर्ता थोडा संशयास्पद वाटू लागतो.

अर्थात कटकारस्थानाच्या सिद्धान्ताने या विषयाची उकल होत नाही. कायद्याने आणि कर्जाने पडदा मिळवता येतो. पडद्यावरील चॅप्लिनसाठी रडू येणे मिळवता येत नाही. अमेरिकी चित्रपटाने जगभरची प्रतिभा आपल्याकडे ओढून घेतली. लुबिच, मुर्नाऊ, लँग, वाइल्डर ही सगळी मंडळी युरोपातून गेलेली. नाना भाषांचे स्थलांतरित एकाच प्रेक्षागृहात बसत असल्यामुळे सर्वांना कळेल असे कथन घडवण्याचा सराव त्या चित्रपटाला प्रारंभापासूनच होता. हे गुण नाकारणारी टीका केवळ चिडचिड ठरते.

शिवाय वर्चस्वाची तक्रार कोण करतो हेही पाहावे लागते. १९२६-२७ मध्ये भारतात दाखवल्या गेलेल्या कथाचित्रांपैकी सुमारे ८५ टक्के परदेशी होती आणि त्यांत बहुसंख्य अमेरिकी. त्या वेळी सर्वाधिक अस्वस्थता होती ती ब्रिटिश सरकारला. अमेरिकी चित्रांतून गोऱ्या माणसाचे, विशेषतः गोऱ्या स्त्रीचे, जे दर्शन घडते त्याने साम्राज्याची प्रतिष्ठा ढळेल ही भीती होतीच; साम्राज्यांतर्गत चित्रपटांना प्राधान्य मिळावे हा व्यापारी हेतूही होता. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये नेमलेल्या समितीने हे प्राधान्य अमान्य केले. तिची भूमिका साधी होती : अमेरिकी चित्रांचा अतिरेक घातक असेल, तर इतर पाश्चात्त्य चित्रांचा अतिरेकही तितकाच घातक मानावा लागेल. फ्रान्सचे उदाहरणही या बाबतीत फारसे निर्मळ नाही. सांस्कृतिक अपवादाचे तत्त्व १९९३ च्या गॅट वाटाघाटींत हिरिरीने मांडणाऱ्या याच देशाने १९३४ च्या लाव्हाल हुकुमान्वये आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत शासकीय परवानगीवाचून चित्रीकरण करण्यास बंदी घातली होती. स्वतःची प्रतिमा स्वतः घडवण्याचा हक्क मागणारा दुसऱ्याचा तोच हक्क सहज विसरतो. राष्ट्राच्या नावाने केलेला युक्तिवाद म्हणूनच पुरेसा पडत नाही. तो वर्चस्वाला विरोध करीत नाही, वर्चस्व कोणाचे असावे याविषयी भांडतो.

मग निवडीच्या युक्तिवादाकडे परत यावे लागते, आणि तो त्याच्याच भूमीवर तपासावा लागतो. जॉन स्टुअर्ट मिलने उपयुक्ततावादाच्या विवेचनात (१८६१) दोन सुखांपैकी श्रेष्ठ कोणते हे ठरवण्याचा अधिकार दोन्हींचा अनुभव घेतलेल्यालाच दिला आहे. मिलच्या या कसोटीवर उच्चभ्रूपणाचा आक्षेप पुष्कळदा घेतला गेला. पण तिच्यातील किमान अट कोणालाही मान्य व्हावी. ज्याला एकच पदार्थ ठाऊक आहे, त्याने तो पसंत केला असे म्हणणे हा भाषेचा सैल वापर आहे. जॉन एल्स्टर या विचारवंताने १९८३ मधील आपल्या ग्रंथाला आंबट द्राक्षांचेच नाव दिले. हाती न येणाऱ्या गोष्टीविषयीची इच्छाच माणूस कमी करून घेतो आणि मग त्या उरलेल्या इच्छेला आपली पसंती समजतो, हे त्याचे विश्लेषण. मराठी माणसाला कोल्हा आणि द्राक्षे यांची ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु प्रस्तुत संदर्भात कोल्ह्याची स्थिती आणखी पुढची आहे. त्याने द्राक्षे पाहिलेलीच नाहीत, म्हणून ती आंबट आहेत असे म्हणण्याचे कष्टही त्याला पडत नाहीत. आणि असा प्रेक्षक सर्वांत मोठ्या संख्येने कोठे असेल तर तो अमेरिकेत. इतर देशांतील प्रेक्षक निदान दोन चित्रपट पाहतो, आपला आणि अमेरिकेचा; अमेरिकी प्रेक्षकापैकी फारच थोडे इतर भाषांतील चित्रपटाच्या वाटेला जातात. वर्चस्वाचा पहिला तोटा वर्चस्व गाजवणाऱ्याच्या घरी होतो, ही गोष्ट या चर्चेत क्वचितच कोणी मांडते.

पण हा तोटा नेमका कशाचा? माहितीचा म्हणावा तर ती पुस्तकांतून मिळते. तोटा आहे तो एका क्षमतेचा, आणि तिच्यासाठी नेमका शब्द भारतीय काव्यशास्त्रात आहे. अभिनवगुप्ताने 'लोचना'त सहृदयाचे वर्णन करताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला आहे असा तो, असे म्हटले आहे. सहृदयता ही जन्मजात देणगी म्हणून तेथे येत नाही. ती अभ्यासाने येते. या कल्पनेच्या शेजारी भट्टनायकाची साधारणीकरणाची कल्पना ठेवावी. रंगमंचावरील राम हा विशिष्ट राम असतो, त्याचा शोक विशिष्ट असतो. आस्वादाच्या प्रक्रियेत तो 'माझा', 'त्याचा' या बंधनांतून सुटतो. ही प्रक्रिया कोठे घडते हा येथे कळीचा मुद्दा आहे. विशिष्ट विभावांमधून जात ती प्रेक्षकाच्या चित्तात घडते, आणि तिला त्या विशिष्टाची गरज असते. अमेरिकी चित्रपट विश्वात्मक आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा वेगळीच गोष्ट अभिप्रेत असते. तेथे विशिष्टाची टरफले आधीच, निर्मितीच्या टप्प्यावर, काढून टाकलेली असतात. साधारणीकरणाचे जे काम प्रेक्षकाने करायचे ते कारखान्यातच उरकलेले असते. याला साधारणीकरण न म्हणता सपाटीकरण म्हणणे अधिक योग्य.

अब्बास किआरोस्तामी यांच्या १९८७ मधील 'मित्राचे घर कुठे आहे' या इराणी चित्रपटात घडते ते इतकेच : कोकेर गावातील अहमद हा शाळकरी मुलगा चुकून वर्गमित्राची वही घरी घेऊन येतो. त्या मित्राने पुन्हा वहीत गृहपाठ केला नाही तर त्याला शाळेतून काढून टाकण्याची धमकी मास्तरांनी दिलेली आहे. अहमद वही परत करायला शेजारच्या गावी धावतो. आईला त्याची निकड कळत नाही. आजोबांना मुलांना धाक कसा असावा याचीच चिंता. जुने लाकडी दरवाजे काढून लोखंडी बसवण्याचा सौदा वाटेत चालू आहे, आणि आयुष्यभर लाकडी दरवाजे केलेला एक म्हातारा काळोखात मुलाच्या सोबतीला निघतो, पण त्याच्या पायांना मुलाची घाई पेलत नाही. मित्राचे घर सापडत नाही. शेवटी अहमद रात्री बसून मित्राचाही गृहपाठ लिहून काढतो. फार्सी न येणाऱ्या प्रेक्षकाला येथे सर्व काही परके आहे : टेकडीवरची नागमोडी वाट, हाक मारण्याची रीत, वडीलधाऱ्यांपुढे दुसऱ्यांदा बोलण्याची अडचण. पहिली वीस मिनिटे तो या परकेपणाशी झगडतो. त्यानंतर कधीतरी ती वही त्याच्याही हातात येते. मराठी शाळेत छडी खाल्लेल्याला ती जरा लवकर येते, इतकेच. महत्त्वाचे हे, की त्या वहीचे वजन कोकेरच्या चढाशिवाय कळत नाही. तो चढ गाळून सर्वांना समजेल अशी वही करता येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत मिळते, हा समीक्षेच्या दृष्टीने दुर्मीळ योग आहे. डच दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर यांनी टिम क्राबे यांच्या लघुकादंबरीवरून १९८८ मध्ये 'स्पोरलोस' हा चित्रपट केला. फ्रान्समधील महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावरून रेक्स नावाच्या तरुणाची प्रेयसी नाहीशी होते. तीन वर्षे तो तिच्या शोधात झिजतो. अपहरणकर्ता स्वतःच त्याला भेटतो आणि एक प्रस्ताव ठेवतो : तिचे काय झाले हे जाणायचे असेल, तर तिच्या वाट्याला आले ते सारे तूही भोग. रेक्स गुंगीचे औषध घातलेली कॉफी पितो, आणि जागा होतो तो जमिनीखाली पुरलेल्या पेटीत. जाणण्याची किंमत जीव असेल तरी ती द्यावी का, या प्रश्नाला त्या चित्रपटाने दिलेले उत्तर भीषण आहे. पण ते उत्तर आहे. १९९३ साली स्लाउझर यांनीच हीच कथा अमेरिकेत पुन्हा चित्रित केली. तेथे नायकाची नवी मैत्रीण त्याला वेळेवर मातीतून बाहेर काढते, खलनायक मारला जातो आणि नायकाला ज्ञानही मिळते, जीवही मिळतो. शेवट बदलला एवढीच ही बाब नव्हे. पहिल्या चित्रपटातील प्रश्नच दुसऱ्यात शिल्लक राहत नाही. शिवाय मूळ चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह अमेरिकी प्रेक्षकापुढे ठेवण्यावर न थांबता तो नव्याने बनवण्याची जी गरज भासली, तिच्यात त्या प्रेक्षकाविषयीचा एक गृहीत अविश्वास आहे : दुसऱ्याच्या दुःखापर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत जाणार नाही. ज्या प्रेक्षकाच्या पसंतीचा एवढा गौरव होतो, त्याच्याविषयी उद्योगाचे खाजगी मत इतके हलके असावे!

हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही याची साक्ष व्हिएतनामच्या युद्धाने दिली आहे. ते युद्ध अमेरिका हरली. त्याची जागतिक स्मृती मात्र तिनेच जिंकली. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) हा असामान्य चित्रपट आहे, आणि अमेरिकी सत्तेविषयी तो निश्चितच कठोर आहे. पण फिलिपिन्समध्ये चित्रित झालेल्या या कलाकृतीत व्हिएतनामी माणूस अमेरिकी मनाच्या अंधाराची पार्श्वभूमी म्हणून वावरतो. पश्चात्तापही पडद्यावर पश्चात्ताप करणाऱ्याचीच जागा वाढवतो. डिसेंबर १९७२ मधील हानोईवरील बॉम्बहल्ल्यानंतर आपल्या सैनिक वडिलांना शोधत फिरणाऱ्या एका मुलीची कथा हाय निन्ह यांनी 'हानोईची छोटी मुलगी' (१९७४) या चित्रपटात सांगितली आहे. तो प्रचारापासून मुक्त नाही, आणि कलादृष्ट्या त्याची कपोलांशी तुलना करण्याचे कारण नाही. परंतु बॉम्ब खाली पडताना तो कोणाच्या अंगावर पडतो, हे ज्या कॅमेऱ्याने पाहिले तो कॅमेरा खाली होता. असे चित्रपट पाहण्याची सवय नसलेला नागरिक निष्ठुर असेल असे नव्हे. पण दुसऱ्या देशातील माणसांविषयी त्याचे मत घेऊन निर्णय होतात तेव्हा त्याची कल्पनाशक्ती ज्या चित्रांवर पोसलेली असते, त्यांत ती माणसे बोलत नसतात.

यावर एक आक्षेप संभवतो. अमेरिकी चित्रपट हाही कोणासाठी तरी परकाच असतो; मग त्याच्या आस्वादाने सहृदयता का वाढू नये? आक्षेप रास्त आहे, आणि १९५० च्या दशकातील फ्रेंच समीक्षकांनी त्याचे उत्तर कृतीने दिले आहे. त्यांनी हॉक्स आणि हिचकॉक यांचे चित्रपट परकीय कलाकृती म्हणून वाचले, त्यांच्यातील विशिष्ट शोधले. कुरोसावांनी जॉन फोर्डकडून घेतले तेही असेच. दोष अमेरिकी चित्रपटाच्या अंगी चिकटलेला नाही. तो परका म्हणून ओळखला जाईनासा होतो, तेव्हा तो सुरू होतो. मराठी बोलीत ही गोष्ट केव्हाच नोंदली गेली आहे. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या 'इंग्लिश पिक्चर'ला जात आला, अमेरिकी चित्रपटाला नव्हे. देश त्या नावातून गळाला, भाषा उरली. आणि १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीतून बोलू लागला तेव्हा भाषाही गळाली. ऑस्कर पारितोषिकांत परभाषी चित्रपटांच्या गटाचे नाव २०१९ मध्ये 'आंतरराष्ट्रीय' असे बदलण्यात आले. त्याच वर्षी नायजेरियाचा 'लायनहार्ट' हा चित्रपट त्यातील बहुतेक संवाद इंग्रजी असल्याच्या कारणावरून या गटातून बाद ठरवण्यात आला. इंग्रजी ही नायजेरियाची राजभाषा आहे, आणि ती तेथे कशी पोचली हे सांगायला नको. वेगळे असावे तर आम्हाला दिसेल अशा रीतीने वेगळे असावे, अशीच ही अट झाली.

उपाययोजनेचा विचार या पार्श्वभूमीवर केला तर प्रचलित उपायांची मर्यादा ध्यानात येते. दक्षिण कोरियाने वर्षातील १४६ दिवस देशी चित्रपटासाठी राखून ठेवले होते. अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी करताना २००६ मध्ये ते ७३ वर आणले गेले. त्या संरक्षणाखाली वाढलेल्या चित्रपटसृष्टीतील 'पॅरासाइट'ला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, हे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला प्रथमच. राखीव दिवसांनी प्रतिभा निर्माण होत नाही, पण प्रतिभेला चुका करायला जागा मिळते, एवढे यातून दिसते. महाराष्ट्रातही २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला मुख्य वेळ देण्याची घोषणा शासनाने केली, तेव्हा प्रेक्षकाच्या निवडस्वातंत्र्याचा युक्तिवाद लगेच उपस्थित झाला. मराठी चित्रपटाला ती जागा मिळणे आवश्यकच होते. मात्र अशी व्यवस्था दोनच पक्षांत वाटणी करते, एक आपण आणि दुसरी अमेरिका. आपल्याकडे हिंदी धरून तीन. इराणी, पोलिश, सेनेगली चित्रपटाचा त्या वाटणीत उल्लेखही नसतो. पुण्याच्या प्रेक्षकाला कोकेरचे मूल दिसावे ही निकड कोणत्याही राष्ट्राच्या हितसंबंधात बसत नाही, म्हणून ती कोणत्याही कायद्यात येत नाही.

ती निकड काही काळ भागवली ती राष्ट्राच्या धोरणापेक्षा थोड्या हौशी माणसांनी. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'राशोमोन' पाहून येथल्या दिग्दर्शकांना हॉलिवूडखेरीजही चित्रपट असतो याचा प्रत्यय आला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. झिजलेल्या प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीवर विरून जाणारी पांढरी इंग्रजी उपशीर्षके, तिसऱ्याच देशाच्या दुःखासाठी दुसऱ्या परक्या भाषेतून केलेला तो प्रवास गैरसोयीचा होता. अनुशीलन म्हणतात ते बहुधा असेच असते. आज यांतील पुष्कळसे चित्रपट घरबसल्या, स्वच्छ प्रतींत, मिळू शकतात. टंचाईचा मुद्दा जवळजवळ संपला आहे. पण पुढचा चित्रपट सुचवणारी यंत्रणा आधी पाहिलेल्याच्या सारखेच काही शोधून आणते, आणि निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे कालच्या सवयीची आजची आवृत्ती होऊन बसते. मंडळाच्या खेळाला अहमद आईला तिसऱ्यांदा तेच सांगू लागे, तेव्हा कंटाळलेल्या सभासदाला उठून जायचे तर अंधारात दहा-बारा जणांचे गुडघे ओलांडावे लागत. बहुतेक जण संकोचाने बसून राहत, आणि थोड्या वेळाने अहमद टेकडीच्या वाटेला लागे.